अण्णांची दोन मिनिटं

आमच्या कांदिवलीच्या नाक्यावरचा बॅटरीवाला बोलताना समोरच्याकडे कधी बघत नाही, हातातल्या बॅटरीकडे बघतो. "गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार ना? निगेटिव्हची वायर काढ, महिन्यातून एकदा चार्जिंगला लाव. विषय संपला." कोणी म्हणालं की रोज दोन मिनिटं चालू करून ठेवतो, तर तो पाना खाली ठेवतो. "चालू करताना जेवढं जातं तेवढं दोन मिनिटांत परत भरत नाही. बॅटरी मारतोयस तू, यार." समोर डॉक्टर असो की पोलीस, सूट कोणालाच नाही.

मी जहाजावर असतो. या वेळी सहा महिन्यांनी घरी आलो तेव्हा कळलं, की माझे वडील, अण्णा, रोज सकाळी खाली उतरून दोन मिनिटं माझी गाडी चालू करतात आणि वर येऊन आईला सांगतात, "गाडी ठणठणीत आहे." डोळ्यांमुळे त्यांचं चालवणं केव्हाच सुटलंय. बॅटरी मेलेली धरूनच मी चावी फिरवली. गाडी एका झटक्यात चालू झाली.

आई हळूच म्हणाली, "तो बॅटरीवाला येतो रे दर महिन्याला. दुपारी हे झोपले की माझ्याकडून चावी नेतो आणि चार्जर लावतो."

मी तडक दुकानात गेलो. म्हटलं, "एवढा खटाटोप कशाला? सरळ वायर काढून ठेवायचीस ना."

त्याने पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"वायर काढली, तर अण्णा सकाळी खाली कशाला उतरतील?"