अक्कांच्या पातेल्यातले उंडे

सिंगापुरातल्या यिशुनमधल्या माझ्या घरमालकीणबाई या जगातल्या एकमेव गृहिणी असाव्यात, ज्या माणसं मोजून स्वयंपाक करत नाहीत. आधी स्वयंपाक करतात आणि मग घरात किती माणसं आहेत ते पातेल्याला विचारतात. त्या मूळच्या कर्नाटकातल्या मंड्या जिल्ह्यातल्या, भात, ऊस आणि नाचणीच्या मुलखातल्या. नवऱ्याच्या नोकरीमुळे वीस वर्षं पुण्यात काढल्याने मराठी अस्खलित, आणि त्या मराठीतले टोमणे विशेष अस्खलित. मी त्यांना अक्का म्हणते. त्यांचं रोजचं जेवण म्हणजे रागी मुद्दे, नाचणीच्या पिठाचे मुठीहून मोठे, वाफाळते उंडे. सोबत बस्सारू, म्हणजे कडधान्य आणि पालेभाजी शिजवून निथळलेल्या पाण्याची झणझणीत आमटी. उंडा चावायचा नाही, घास आमटीत बुडवून गिळायचा. पहिल्या दिवशी मी चावला, तेव्हा अक्का म्हणाल्या, "दात कशाला लावतेस? शेंगदाणे आहेत का ते? एवढी सायंटिस्ट, आणि गिळता येत नाही!"

उंडे वळताना त्या कधीच मोजत नसत. ओल्या हाताला जितके निघतील तितके. एरवी आम्हा दोघींचे दोन निघत. एकदा तीन निघाले. अक्कांनी मुकाट्याने तिसरं ताट मांडलं, आणि दहा मिनिटांत किल्ली विसरलेल्या शेजारीणबाई दारात उभ्या! असं चारदा घडल्यावर मी प्रयोगशाळेतल्या सवयीने पीठ आणि पाणी वजन करून देऊ लागले. वजन तेच, पातेलं तेच. उंडे मात्र पाहुण्यांच्या हिशेबाने.

"हाताचा अंदाज कमी-जास्त होतो," मी निष्कर्ष काढला.

"होत असेल. पण पाहुण्याला ते कसं कळतं?"

अक्कांच्या हृदयाच्या ऑपरेशनच्या आदल्या दुपारी, त्याच वजनाच्या पिठाचा एकच उंडा निघाला. नेहमीएवढाच. मी तळ खरवडून पाहिला, उंडा वजनकाट्यावर ठेवला. उरलेलं निम्मं कुठे गेलं, ते मला आजही मांडता येत नाही. अक्कांनी तो माझ्या ताटात वाढला आणि हॉस्पिटलसाठी भरलेल्या पिशवीतल्या साड्या पुन्हा कपाटात लावायला घेतल्या.

"माझा निघाला नाही. मग जायचं कशाला?"

"अक्का, ऑपरेशन टाळलं तर फार दिवस मिळणार नाहीत, असं डॉक्टर म्हणालेत."

"डॉक्टरांनी पातेलं पाहिलंय का?"

वाद व्यर्थ होता. त्यांचा पिठाचा डबा रिकामा झाला होता. मी माझ्या आईने भाकरीसाठी दिलेलं नाचणीचं पीठ आणलं, आधण ठेवलं आणि आयुष्यात प्रथमच अक्कांचा पीठ घोटायचा लाकडी दांडा फिरवला. गाठी झाल्या, हात पोळला, पण एक उंडा निघाला. "हा उंडा आहे की सिमेंट?" असं म्हणत अक्कांनी तो संपवला, चक्क चावून. सकाळी त्या हॉस्पिटलात गेल्या.

दोन आठवड्यांनी घरी आल्यावर त्यांनी पाणीसुद्धा न पिता विचारलं, "त्या दिवशी पीठ कुणाचं होतं?"

"माझं," मी सहज सांगून गेले.

अक्कांनी माझं मनगट धरलं. "म्हणजे तुझ्या वाट्याचं खाल्लं मी."

तेव्हापासून त्या मला एकटीला रस्ता ओलांडू देत नाहीत. रोज सकाळी काठी टेकत एमआरटीच्या, म्हणजे मेट्रोच्या, स्टेशनपर्यंत येतात, हिरवा दिवा लागला तरी दोन्हीकडे बघतात, आणि माझं मनगट घट्ट धरून मला पलीकडे नेतात. यातल्या कशावरही माझा विश्वास नाही. पण मी हात सोडवून घेत नाही. मग त्या एकट्याच परत वळतात, आणि त्या पलीकडे सुखरूप पोचेपर्यंत मी स्टेशनच्या दाराशी थांबून राहते.