सुदामभाऊंची मिशी

सुदामभाऊंच्या व्हॅनमध्ये पुढच्या सीटवर कोणी बसायचं हे वयावर ठरत नसे आणि मानावरही नाही. जो सगळ्यांत जास्त बडबड करील त्याला ती जागा. दहिवलीच्या नाक्यावर मी पहिल्यांदा त्यांच्या गाडीचं दार उघडलं तेव्हा त्यांनी मला नीट न्याहाळलं आणि विचारलं, "बाई, तुमी बोलक्या हाय ना?"

मी म्हटलं, "मी मराठी शिकवते."

"मग पुढंच बसा," असं म्हणून त्यांनी सीटवरचा टॉवेल उचलला. मागे बसलेल्या आमच्या शाळेतल्या शिक्षिका गालातल्या गालात हसल्या. मला वाटलं, माणूस गप्पिष्ट दिसतो, कुंभिवलीपर्यंतचा रस्ता मजेत जाईल.

गप्पिष्ट वगैरे ते मुळीच नव्हते. बोलायचं मी आणि त्यांनी "हां, मग?" एवढंच म्हणायचं. जाड मान, गोल चेहरा आणि त्या चेहऱ्यावर राज्य करणारी झुपकेदार मिशी, टोकं वर वळवलेली. शर्टाच्या खिशात एक हिरवी मिरची कायम असायची. चौक गावाच्या अलीकडे रस्ता मोकळा लागला की ते मिरची काढून एक तुकडा चावत. डोळ्यांत पाणी यायचं, नाक लाल व्हायचं. "मिरची चावली का रस्ता सरळ होतो, बाई," असं ते म्हणायचे. मी हे एक विक्षिप्तपण म्हणून घरी रंगवून सांगितलं. ती मिरची त्यांच्या मिटणाऱ्या डोळ्यांवरचा इलाज होता आणि माझी बडबडही त्याच कामाची होती, हे माझ्या ध्यानात यायला बराच वेळ लागला.

एका सकाळी माझा घसा पार बसला होता. खुणेनंच सांगितलं, आज मी मुकी. सुदामभाऊंनी मान हलवली आणि गाडी काढली. चौक मागे पडलं, आम्ही हायवेला लागलो. समोर एक कंटेनर संथपणे चालला होता. त्याच्यामागे आपण जरा जास्तच जवळ चाललो आहोत असं वाटून मी त्यांच्याकडे पाहिलं. दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, दातांत मिरचीचं देठ होतं आणि डोळे अर्धवट मिटले होते. मी ओरडले, पण घशातून नुसती हवा आली. मग मी त्यांच्या दंडावर सगळ्या ताकदीनं हात हाणला. गाडी डावीकडे वळली, डांबर सोडून खडीत उतरली, खडखडत गेली आणि थांबली. कंटेनर आपल्या वाटेनं पुढे निघून गेला. मागे कुणीतरी रडायला लागलं होतं.

सुदामभाऊंनी तोंडातलं देठ काढून हातात घेतलं. "मी झोपलो नव्हतो, बाई," ते म्हणाले. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "झोपलो होतो का?"

मला भयंकर राग आला होता, पण तो प्रश्न ऐकून तो ओसरला. या माणसाला आपण झोपलो हेसुद्धा माहीत नव्हतं.

त्यांच्या बायकोला, मंदावहिनींना घेऊन मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. पनवेलला झोपेची तपासणी झाली. डॉक्टरांनी सांगितलं की झोपेत यांचा घसा मिटतो, श्वास अडकतो, शरीर दचकून जागं होतं आणि पुन्हा तेच, रात्रभर. माणूस अंथरुणावर असतो, पण झोप होत नाही. आपल्याला तर त्याचा पत्ताच नसतो. सुदामभाऊंना हे पटेना. घोरणं हा त्यांच्या घराण्याचा अभिमानाचा विषय होता. "आमचे आबा जल्मभर घोरले. त्यांच्या घोरन्यापायी आमच्या आळीत कदी चोरी झाली नाय. अजून हायत की धडधाकट." डॉक्टर म्हणाले, "आबा गाडी चालवतात का?"

इलाज एकच होता. नाकातोंडावर मास्क लावून झोपायचं आणि मशीननं हवेच्या दाबानं घसा उघडा ठेवायचा. ते अंगवळणी पडून गुण येईपर्यंत गाडी चालवायची नाही. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना सुदामभाऊंनी गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली. "ही तुमच्यापाशी ऱ्हाऊंदे. घरात ठेवली तर माझा मलाच भरवसा नाय. मी मागितली तरी देऊ नका." किल्लीला मिरची-लिंबाचं प्लास्टिकचं झुबकं होतं. मी ती घरी देवघरातल्या डबीत टाकली.

भाड्यानं मशीन आलं. शाळेनं तात्पुरती दुसरी गाडी लावली. मुख्याध्यापकांनी स्पष्ट सांगितलं होतं की सुदामभाऊ दिवाळीच्या सुट्टीनंतर आले तर ठीक, नाहीतर ती गाडी कायम. म्हणजे सगळं त्या मशीनवर येऊन ठेपलं होतं. मी मंदावहिनींना दर दोन दिवसांनी विचारी. त्यांचं उत्तर तेच असे, "लावतात, आन् घटकाभरानं काढून फेकतात. कडेनं हवा सुटते, शिट्टीवानी वाजते. डोळं चुरचुरतात त्यांचे."

शेवटी मी त्यांच्या घरी गेले. ओटीवर त्यांचे वडील, आबा, खाटेवर बसले होते, नव्वदीच्या घरातले, वाळलेले, पण नजर अजून लख्ख. आत सुदामभाऊ खुर्चीत बसल्या बसल्या पेंगत होते. मशीनवाला माणूस येऊन गेला होता. नुसता नाकावर बसणारा मास्क लावून पाहिला, पण यांचं तोंड उघडतं. मोठा मास्क लावला तर मिशीच्या दाट केसांमुळे तो चेहऱ्याला धड टेकत नाही. कातरून पाहिली तरी खुंट आडवे येत होते. "साफ काढा म्हनला," मंदावहिनी म्हणाल्या आणि त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं.

"मग काढा ना," मी म्हटलं. "मिशीच तर आहे."

सुदामभाऊंनी डोळे उघडले. "बाई, आबा हायत अजून."

आमच्याकडे मिशी उतरते ती बापाच्या मृत्यूनंतर. बाप ओटीवर बसलेला असताना मुलानं वस्तरा लावला म्हणजे त्यानं बापाला जिवंतपणीच पोचवलं. मी शिकलेली, वर्गात अंधश्रद्धेवर निबंध लिहून घेणारी. तरी त्या घरात, आबांच्या त्या नजरेसमोर, "त्यात काय एवढं" हे शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत.

दिवाळी जवळ आली. एका दुपारी सुदामभाऊ माझ्या दारात उभे राहिले. चेहरा सुजल्यासारखा दिसत होता, डोळे तांबारलेले. "किल्ली द्या बाई. बारशाची मानसं न्यायची हायत, लोधिवलीपत्तूर. जवळच हाय."

"मशीन लावून झोपलात का?"

"मिरच्या घेतल्यात ना चांगल्या."

"नाही देणार."

"गाडी माझी हाय, बाई."

"आहे ना. आणि आत बसणारी माणसं?"

ते दाराच्या चौकटीला हात टेकून उभे राहिले. इतका वेळ, की मला वाटलं आता आत येऊन डबी उचलतील. मी मध्ये उभी होते. शेवटी त्यांनी हात काढला. "मीच सांगितलं व्हतं नाय का देऊ नका म्हनून," असं पुटपुटत ते निघून गेले. त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघून मला रडू आलं.

ही गोष्ट मंदावहिनींनी आबांच्या कानावर घातली. मिशीसकट सगळी. आजवर आबांना कुणी काही सांगितलंच नव्हतं, त्यांना वाटत होतं की पोराला मशीन मानवत नाही. पुढच्या रविवारी सकाळी मला निरोप आला, आबांनी बोलावलंय. मी पोचले तर अंगणात खुर्ची मांडलेली, तिच्यावर सुदामभाऊ बसलेले आणि बाजूला न्हावी पेटी न उघडताच उभा. आबांची खाट उचलून समोर आणून ठेवली होती.

"आबा, तुमच्या देखत वस्तरा कसा लावू?" न्हावी म्हणत होता.

"माझ्या देखतच लाव. मागनं मला काय दिसनार हाय?"

"आबा, नको," सुदामभाऊ म्हणाले. "मी दुसरा धंदा बगतो."

"आन् सास अडकतो त्याला दुसरा धंदा कोनता रं?" आबांचा आवाज चढला. "मी मेल्यावर मिशी काढाया तू जित्ता पायजेस का नको? बस गुमान."

वस्तऱ्याचा बारीक आवाज तेवढा येत होता. मंदावहिनींनी पदर तोंडाला लावला होता. सुदामभाऊंचे डोळे मिटलेले, गालावरून पाणी ओघळत होतं आणि आबा मात्र मान पुढे काढून, एक पापणीही न हलवता बघत होते. झाल्यावर त्यांनी मुलाचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "लहानपनी असाच व्हतास," ते म्हणाले आणि चहा मागितला.

व्हायचं ते झालंच. कुणीतरी सुदामभाऊंना बाजारात पाहिलं आणि बातमी लोधिवलीला पोचली, तिथे त्यांची बहीण दिली होती. संध्याकाळच्या आत ती सासरच्या माणसांसह टेंपो करून आली. कोपऱ्यावरूनच तिनं गळा काढला. अंगणात पाऊल टाकते तो आबा ओटीवर खारी बुडवून खात होते. "कोन गेलं गं?" त्यांनी विचारलं. बहीण मटकन खालीच बसली. आलेल्या माणसांना चहा करता करता मंदावहिनींचं दूध संपलं.

मास्क आता चेहऱ्याला नीट बसू लागला. पहिले काही दिवस सुदामभाऊ कुरकुरले की नाकात वारा शिरतो, कुशीवर वळलं की नळी ओढली जाते. मग हळूहळू एकेक गोष्ट कानावर यायला लागली. सकाळचं डोकं दुखेनासं झालं. दुपारी खुर्चीत मान पडेनाशी झाली. एकदा रस्त्यात भेटले तर लहान मुलासारखे सांगत होते, "बाई, मला सपान पडलं. लई वर्सांनी. म्हस हरवली आन् मी तिला हुडकत व्हतो." म्हैस हरवल्याचा असा आनंद मी दुसऱ्या कुणाच्या तोंडावर पाहिलेला नाही.

डॉक्टरांनी पुन्हा तपासून परवानगी दिली तेव्हा मी किल्ली परत केली. सुट्टीनंतरच्या पहिल्या सकाळी पुढे मीच बसले आणि ठरवून तोंड मिटून घेतलं. माझा एक हात त्यांच्या दंडाजवळ तयारच होता. चौक गेलं. हायवे आला. समोर ट्रक, शेजारून बस. मी रस्ता बघत नव्हते, त्यांचे डोळे बघत होते. ते उघडे होते, इकडे आरशात, तिकडे समोर, सारखे हलत होते. "बाई, तुमी बगताय काय माझ्याकडं? मुंडकं अवघडंल तुमचं," असं म्हणून ते स्वतःच बोलायला लागले. म्हशीपासून सुरुवात केली ती कुंभिवली आली तरी संपेना. मी खिडकीकडे तोंड फिरवून डोळे पुसले.

आबा पुढच्या उन्हाळ्यात गेले, ओटीवरच, शांतपणे. मला भेटायला जायला जमलं ते दिवसकार्य उरकल्यावर. त्यानंतर लवकरच माझी बदली झाली आणि सुदामभाऊंच्या गाडीतला प्रवास संपला. शेवटच्या दिवशी त्यांच्या डोक्यावर नुकते खुंट उगवत होते. आबांचा विषय काढावा की नाही या विचारात मी होते. तेच बोलले.

"दहाव्याला नदीवर न्हावी म्हनला, डोक्याचं काढतो, पन मिशी तर नाय, मग बापासाठी उतरवायचं काय? भावकीतले पन कुजबुजले जरा." त्यांनी ट्रकला वाट दिली, आरशात पाहिलं, मग पुन्हा गाडी रस्त्याला घेतली. "मी म्हनलो, सगळ्यांनी बापाच्या मागनं काढली. माझा बाप समोर बसून बगत व्हता."