कूलरच्या खोलीचं कुलूप

आमच्या कारखान्यात माझी एक ख्याती होती: मॅडम जागा सोडत नाहीत. पगारवाढीच्या वेळी साहेब हेच म्हणायचे, सुपरवायझर हेच म्हणायचे, आणि नवीन पोरं कामावर लागली की त्यांनाही माझ्याकडे बोट दाखवून हेच सांगितलं जायचं. मी मेंटेनन्सची इलेक्ट्रिकल इंजिनिअर. कळमेश्वरकडचा पाइपांचा कारखाना, आणि अख्ख्या शॉपवर, मशीनच्या त्या शेडमध्ये, बाई म्हणून मी एकटी. सकाळी घराजवळ, बेसा चौकात कंपनीची बस पकडायची, पॅनलसमोर उभं राहायचं, आणि परतीची बस लागली की हलायचं. जागा सोडत नव्हते हे अगदी खरं आहे. कशी सोडणार? मी पाणीच पीत नव्हते.

शॉपच्या मागं लेडीज टॉयलेट होतं. दारावर पाटी होती, पाटीवर बाईचं चित्र होतं, आणि आत कूलर होते. नागपूरकडे उन्हाळा सरला की कूलर कुठंतरी कोंबावेच लागतात. इथं बाई एकच, मग कोंबले तिच्या टॉयलेटात. वरून स्टोअरवाल्या काकांचं कुलूप, उन्हाळ्यात कूलर बाहेर निघाले तरी तसंच. दुसरं टॉयलेट होतं ऑफिसच्या इमारतीत, कंपाउंडच्या पार त्या टोकाला. उन्हातून जायचं, आणि रस्त्यात भेटेल त्यानं विचारायचं, मॅडम कुठं निघाल्या? आता काय सांगू बाबा तुला कुठं निघाले ते?

म्हणून सकाळी अर्धा कप चहा, आणि मग बसमध्ये बसेपर्यंत नुसते ओठ ओले करायचे. मे महिन्यातसुद्धा. दुपारी डोकं ठणकायचं, पाय एका जागी ठरायचे नाहीत, सारखी या पायावरून त्या पायावर. लघवीचं इन्फेक्शन वरचेवर व्हायचं. डॉक्टरीणबाई म्हणायच्या भरपूर पाणी प्या, मी मान डोलवायची. आणि कारखान्याच्या गेटवर हेल्मेट घातलेला माझाच मोठा फोटो, खाली लिहिलेलं, तंत्रज्ञानातली नारीशक्ती. त्या फोटोची मला चीड यायची. नीट पाहिलं तर त्यात ओठ फुटलेले दिसतात.

त्या फोटोच्या भरवशावर कंपनीनं आणखी एक मुलगी घेतली. उमरेडची, इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केलेली, ट्रेनी म्हणून. वडील कोळशाच्या ट्रकवर ड्रायव्हर. त्यांनी घरात सांगून ठेवलं होतं की मोठी पक्की झाली तरच धाकटीला डिप्लोमाला टाकायचं, नाही तर कशाला दोघींच्या मागं लागायचं. धाकटी तिकडं दहावीला बसलेली. हे सगळं पोरीनं मला पहिल्याच दिवशी हसत हसत सांगून टाकलं. मला हसू आलं नाही. हिच्या प्रोबेशनवर दोन पोरी उभ्या होत्या.

कामाला हात चांगला होता तिचा. पण ती पाणी प्यायची. ही मोठी बाटली घेऊन यायची, सगळ्यांसमोर घटाघट प्यायची, आणि मग उन्हातून ऑफिसकडं चालू लागायची. कुणी विचारलं कुठं, तर सरळ सांगायची, बाथरूमले. विचारणाराच लाजायचा.

महिन्या-दोन महिन्यांत सुपरवायझरनं कुरकुर सुरू केली. पोरगी हुशार आहे, पण पाहावं तेव्हा जागेवर नसते. एकदा माझ्यासमोरच तिला म्हणाला, मॅडमकडे बघ, त्या हलतात का कधी? माझ्या अंगाची आग झाली. माझ्या कोरड्या घशाचं कौतुक करून करून त्यानं त्याची काठी केली होती, आणि आता ती तिच्या पाठीत घालत होता.

तरी मी काय केलं? जेवणाच्या सुट्टीत तिला बाजूला घेतलं आणि शहाणपण शिकवलं. पाणी कमी पी वं, म्हटलं, कन्फर्म होईपर्यंत तरी. चहा किती घ्यायचा, डब्यात मीठ कसं कमी ठेवायचं, सगळी युक्ती सांगितली. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"काहून जी, मॅडम?" ती म्हणाली.

का म्हणून, एवढंच; उर्मटपणा नव्हता त्यात. ही वायर कुठं जाते, असं विचारावं तसं विचारलं. मी भडकले. काहून म्हणजे? नोकरी पाहिजे का नाही तुले? धाकटीचं काय? एवढी वर्षं शहरी बोलणं सांभाळलेली मी, रागात सरळ माझ्या माहेरच्या बोलीवर आले. तिनं बाटली उचलली, दोन घोट प्याली, झाकण लावलं.

तो शब्द माझ्यासोबत घरी आला. वरण करपलं. नवऱ्यानं काय झालं म्हणून विचारलं तर त्याच्यावर खेकसले. काहून? खरंच, काहून? मला कधी हा प्रश्न पडलाच नव्हता असं नाही, पण विचारायचा कुणाला, आणि कोणत्या तोंडानं? बाईनं इंजिनिअर व्हायचं, पुरुषांच्या शॉपवर उभं राहायचं, तेवढ्यावर जगानं टाळ्या वाजवल्या होत्या. त्यावर आणखी संडास मागायचा?

ऊन तापलं आणि काकांनी कूलर बाहेर काढले. एकेका खात्यात एकेक लावला. दार उघडं होतं तेवढ्यात मी आत डोकावले. खोली रिकामी, नळ कोरडा, दिवा बंद. दिवा बंद म्हणजे माझं काम! मी काकांना म्हटलं, दिवा दुरुस्त करायचा आहे, तुमचं कुलूप काढून घ्या. त्यांनी काढलं. मी माझं लावलं.

माझं म्हणजे लाल. मेंटेनन्सवाल्यांचा नियम असा की ज्या मशीनवर काम चालू असेल तिच्या स्विचला आपलं लाल कुलूप घालायचं, वर पाटी लटकवायची, काम चालू आहे, आणि किल्ली स्वतःच्या खिशात. ते कुलूप दुसऱ्या कुणी काढायचं नाही, साहेबांनीही नाही. कुणाचा तरी जीव त्यावर असतो. आम्ही दोघींनी नळ चालू केला, फरशी घासली, दिवा लावला, आतून नवी कडी बसवली. काम चालू आहे ही पाटी मात्र काढली नाही. एक किल्ली माझ्याकडे, एक तिच्याकडे.

ती आता गेली कधी नि आली कधी, कळायचंही नाही. पण सुपरवायझरचं मत आधीच झालेलं होतं. प्रोबेशनच्या मीटिंगमध्ये त्यानं तेच वाजवलं, जागेवर नसते. साहेबांनी माझ्याकडं पाहिलं.

"साहेब, मी जागा सोडत नव्हते, कारण मी दिवसभर पाणी पीत नव्हते," मी म्हटलं. "माझ्या टॉयलेटात तुमचे कूलर होते. ही पोरगी पाणी पिते. तिच्या कामात खोट असेल तर ती सांगा."

सुपरवायझर पेनाचं टोपण काढत-घालत बसला. साहेबांनी विचारलं, किती वर्षं? मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, आणि मग तिला पक्कं करायच्या कागदावर सही केली.

पावसाळा लागला तसे काका कूलर हातगाडीवर घालून मागच्या दाराशी हजर. मॅडम, किल्ली द्या, कूलर ठेवायचे आहेत. ती पोरगी तिकडं पॅनल उघडून बसली होती. तिनं मान वर केली. माझी वाट पाहत होती.

"काहून?" मी म्हटलं.

काकांनी माझ्याकडे पाहिलं, लाल कुलपाकडे पाहिलं, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले आणि गाडी वळवली. कूलर आता सायकल स्टँडच्या मागं ताडपत्रीखाली आहेत.

उमरेडच्या धाकटीनं डिप्लोमाला प्रवेश घेतला, इलेक्ट्रिकललाच. माझं मात्र एक बिघडलंय ते बिघडलंच. मला तहान लागत नाही. दाबून दाबून ती कुठं गेली, देव जाणे. बाटली समोर असते, दुपार होते, मला आठवण नसते. मग शॉपच्या त्या टोकावरून, मशीनच्या आवाजावर आवाज चढवून ती बाटलीवाली पोरगी ओरडते, "मॅडम, पाणी!" सगळं शॉप माझ्याकडे वळून पाहतं. पहिल्यांदा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आता मी सगळ्यांसमोर अर्धी बाटली पिते, आणि थोड्या वेळानं खिशातली किल्ली काढून जागा सोडते.