शफीभाईंची खालची कवळी

बैलगाडा शर्यतीच्या घाटात गाडा सुटला की शफीभाईंचा आवाज बैलांच्या आधी वर पोचायचा. एरवी हा जुन्नरचा शिंपी, मान खाली घालून बैलांच्या झुली शिवणारा. पण यात्रा सुरू झाल्या की हातात माईक. गाडा कुणाचा, गाव कुठलं, बैल कुणाच्या दावणीचा, सगळं एका दमात!

गेल्या चैत्रात मात्र तो दम तोंडातच अडकला. उरलेसुरले दात काढून नवी कवळी बसवली होती. दवाखान्यात डॉक्टर श्रेया म्हणाली, "चाचा, साठ, सत्तर म्हणून दाखवा." यांनी हळूच म्हणून दाखवलं. झकास! पण राजुरीच्या घाटात "आला रे आला" म्हणून जबडा वासला, तशी खालची कवळी उचकटून जिभेवर आली. ती बोटानं दाबेपर्यंत दादाभाऊंचा गाडा निशाणापार. नाव पुकारायचं राहिलंच, भोंग्यातून नुसतं "फस्स". अख्खा घाट खदखदला.

यात्रा कमिटीचे दादाभाऊ हसले नाहीत. "शफीभाई, राग नका मानू. वरीसभर बैल पोटच्या पोरावानी जपायचा, अन् नावाच्या वक्ताला तुमी फस्स? पुढल्या साली असंच व्हणार असंल तर आमी दुसरा गडी बघतो राव."

घरी बायकोनं, नसीमनं, ताट वाढलं. "डॉक्टरीण स्क्रूचं म्हनत व्हती ना? घ्या बसवून."

"माझं थोबाड काय भिंत हाय, खिळे ठोकायला?"

"भिंत बरी. ती फुसफुसत तरी न्हाई."

तरी दुसऱ्या दिवशी तीच त्यांना दवाखान्यात घेऊन गेली.

"वरची कवळी टाळूला चिकटून बसते," श्रेया सांगत होती. "खालचीला धरायला जागा कमी, त्यात जीभ ढकलते. हळू बोलणाऱ्याला ही पुरते, चाचा."

"मला वरडायचंय."

"वरडायचंय? तुम्ही तर शिंपीकाम सांगितलंत!"

"शिंपीच हाय की." शफीभाई ओशाळले. "माईक म्हंजे आपली हौस. ती कुनी दवाखान्यात सांगतं व्हय?"

नसीमनं कपाळाला हात लावला.

श्रेया हसू दाबत म्हणाली, "मग खालच्या जबड्यात पुढं दोनच स्क्रू बसवू. कवळीला आतून दोन खोबण्या. वरून दाबली की टक् करून बसते. रात्री काढायची, धुवायची."

शफीभाई खुर्चीत ताठ झाले. "म्हंजे टिचबटण!"

"हो, तसंच."

"मग आधी नाय का सांगायचं? जलमभर तेच लावत आलोय!"

पण साखर वाढलेली. ती उतरल्याशिवाय श्रेया हात लावेना. नसीमनं गुळाचा डबा माळ्यावर टाकला, चहा बिनसाखरेचा केला आणि वर सुनावलं, "घाट पायजे का गूळ, ठरवा." थंडीत साखर उतरली, स्क्रू बसले. जबडा बधिर, डोळे गच्च मिटलेले. श्रेयानं "झालं" म्हटलं तेव्हा त्यांना पटेना. मशीनची सुई बोटात घुसते तेव्हा याहून जास्त दुखतं! मग हाड स्क्रूला धरेपर्यंत वाट बघणं आलं. तोवर वरण-भात आणि नसीमचे टोमणे.

यंदाच्या चैत्रात दादाभाऊंनी माईक दिला खरा, पण शेजारी एक दुसरा गडी उभा करून. गाडा सुटला. जीभ सवयीनं कवळी सावरायला धावली. कवळी जागची हलली नाही. मग काय, छाती भरून घेतली आणि जबडा पार वासला!

"आला रे आला, दादाभाऊंचा गाडा आला! राजुरीकर, वाट सोडा!"

पाठोपाठ बैलाचंही नाव पुकारलं. आवाज समोरच्या टेकडीवर आपटून माघारी आला. दुसरा गडी हळूच उसाच्या रसाच्या गाडीकडं सटकला.

दादाभाऊ माईकपाशी आले ते तणतणतच. "डाव्या बैलाचं नाव नाय घेतलं तुमी!"

"घेतलं की!"

"उजव्याचं घेतलं!"

दोघांची चांगलीच जुंपली. माईक चालूच होता, सारा घाट ऐकत होता. आणि भांडता भांडता शफीभाईंच्या ध्यानात आलं, की तक्रार बैलाच्या नावाची आहे, कवळीची नाही. कितीतरी दिवसांनी त्यांचे खांदे सैल झाले.

"बरं बाबा, चुकलं. डाव्याचं नाव सांग, दोनदा पुकारतो," ते म्हणाले, आणि पुकारलं तीनदा.