शालूची बंदूक आणि माझं खोबरेल

मी हरणाच्या शिकारीला जाणार म्हटल्यावर सून हसली. नात म्हणाली, "आजी, यू?" मी बॅग भरत राहिले. गोळीनं पडलेलं जनावर आम्हा बेने इस्रायलींना, म्हणजे कोकणातल्या ज्यूंना, खायला चालत नाही. हरीण चालतं, पण सुरीनं, रीतीनं कापलेलं. मग जायचं कशाला? तर शालूसाठी.

शालू माझी चाळीस वर्षांची मैत्रीण. मूळची साताऱ्याची, लंडनला नर्स होती, आता रिटायर. लंडन म्हणजे आमचं कॅनडातलं, ऑन्टारिओतलं, त्याला विमान लागत नाही. दर नोव्हेंबरला ती नवऱ्याबरोबर शिकारीला जायची. तो गेल्यावर एकटी जायला लागली. यंदा तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि मुलगा प्रशांत अडून बसला. "मॉम, सोबत कोणाला तरी ने. आणि डोळ्यांची एकदा जरी शंका आली तर बंदूक विकायची." सोबतीला मी. लायसन्स तिचं, मी नुसती बसायला.

बुधवारी सुनेनं आमच्या घरून, वॉनहून, लंडनला सोडलं. हायवेला ट्रक फार, दोन तास म्हणतात, आम्हाला तीन लागले. पुढे शालूच्या गाडीतून तासभर, दोन्ही बाजूंना मक्याची कापलेली शेतं. मोटेल स्वच्छ होतं, रात्रीचे शंभर डॉलरच्या वर घेतात, पण पलंग दोन आणि चहाला केटल. जेवण मात्र घरून न्या, वाटेत डोनटशिवाय काही नाही. मी चपात्या आणि बटाट्याची सुकी भाजी नेली होती, दोन दिवस छान टिकली.

गुरुवारी पहाटे नारिंगी जाकीट, नारिंगी टोपी. शालूच्या ओळखीच्या शेतकऱ्याचं रान, त्याच्या कडेला तिनं लपून बसायला छोटा तंबू ठोकलेला. माझ्या गुडघ्यांसाठी खुर्ची.

"आता बोलायचं नाही," ती म्हणाली.

"किती वेळ?"

"दुपारपर्यंत."

"अगं, मी झोपेतसुद्धा एवढी गप्प नसते."

उजाडल्यावर झाडांतून एक मादी आली. दोन पावलं टाकली, नाक वर केलं, जोरात फुर्र केलं आणि पांढरी शेपटी उभारून पळाली. शालूनं मान वळवून हवा हुंगली. मग मला.

"रिबका, डोक्याला काय लावलंयस?"

"खोबरेल. नेहमीचंच."

"आठ दिवस मी बिनवासाच्या साबणानं आंघोळ करतेय. कपडे बाहेर वाऱ्यावर टांगले. आणि तू नारळाची वाडी घेऊन आलीस."

आमचं घराणं अलिबागकडचं, तेल गाळणारं. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव आम्हाला शनवार तेली म्हणायचं. तेलाशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, असं आई सांगायची. हरणाला वास कळतो हे तिला कोणी सांगायचं! त्या दिवशी पुढे एक खारही फिरकली नाही. संध्याकाळी शालूनं तिच्या साबणानं तीनदा माझे केस धुवायला लावले आणि प्रत्येक वेळी डोकं हुंगून बघितलं, पोलिसांच्या कुत्र्यासारखं.

शुक्रवारी गवतावर पांढरं दंव होतं. एवढी शांतता, की पान पडलं तरी कळायचं. आणि नर आला. मोठी शिंगं, अगदी समोर आडवा उभा. शालूनं बंदूक उचलली. मी थर्मास घट्ट धरून बसले. ती नेम धरून थांबली, थांबली, आणि बंदूक खाली घेतली. हरीण सावकाश चालत निघून गेलं.

मला वाटलं, झालं. डोळे गेले हिचे. आता बंदूकही जाणार, आणि प्रशांतला सांगायचं कोणी, तर मी.

शालूनं चहा ओतला. "विचार की."

"दिसलं नाही का गं?"

"दिसलं. त्याच्या मागं काय होतं?"

"झाडं."

"चष्मा पूस आणि बघ."

पुसला. बघितलं. बराच वेळ बघितल्यावर खोडांच्या फटीतून, लांब, शेतकऱ्याची राखाडी शेड दिसली आणि तिच्याशेजारी ट्रॅक्टर.

"नेम चुकला तर गोळी हरणापाशी थांबत नाही, रिबका," ती म्हणाली आणि चपातीचा तुकडा मोडला.

दुपारी आम्ही गाशा गुंडाळला. मला सूर्य मावळायच्या आत शब्बाथचा दिवा लावायचा होता. तो शालूच्या किचनमध्ये लावला. प्रशांत जेवायला आला, मांसासाठी नेलेला रिकामा कूलर बघितला आणि माझ्याकडे वळला. शालू पोळ्या लाटत राहिली. मग मीच सगळं सांगितलं.

"किती लांब होती शेड?" त्यानं विचारलं.

"अंतरबिंतर मला कळत नाही बाबा. तिनं सांगितल्यावरही मला शोधावी लागली. तुझ्या आईला ती हरणाच्या मागं दिसली."

त्यानं आणखी एक पोळी घेतली. मग म्हणाला, "ओके. वन मोअर इयर. पण आंटी, यू गो विथ हर."

"म्हणजे शिक्षा मलाच," शालू म्हणाली. पण त्याच्या ताटात तिनं तूप जरा जास्तच वाढलं.

रविवारी घरी आले. जो तो विचारतो, हरीण मिळालं का? नाही मिळालं. मला आठवते ती खाली आलेली बंदूक. त्या दोन मिनिटांत, तिला एक शब्द न विचारता, मी माझ्या मैत्रिणीला म्हातारी ठरवून मोकळी झाले होते. हे तिला अजून सांगितलेलं नाही. हा लेख इथं वाचेल आणि फोन करेल. शिव्या खायला मी तयार आहे.