दुष्काळातल्या दोन रेघा

ब्लेडने तासलेल्या पेन्सिलीचा कोरडा, गोडसर वास आला की मला आमचे साहेब आठवतात. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. सांख्यिकी कार्यालय भाड्याच्या दोन खोल्यांत होते आणि टेबलांवर दुष्काळाची धूळ. मी तिथे तात्पुरती मदतनीस. नोकरी सांभाळून बी.ए. करणारी. जिल्ह्याची लोकसंख्या पुढे कशी बदलेल, याचा आराखडा हदगावहून आलेल्या या साहेबांकडे होता.

वरिष्ठांना आलेखावर एकच सरळ रेघ हवी असे. साहेब प्रत्येक गावासाठी दोन काढत: गावात नळ आणि मुलींची शाळा आली तर एक, खालची; नाही आली तर दुसरी, चढती. त्यासाठी गावोगाव ते बायकांना विचारत, "माय, पाणी किती लांबून आणता?"

"साहेब, माणसं मोजायलात का घागरी?" हेडक्लार्क चिडवत.

"घागर आधी. ती डोक्यावर असली की पोरगी शाळेत जात न्हाई. शाळेत न्हाई म्हणून लग्न, लग्न झालं की पाळणा. माणसं मग मोजायलाच लागतात."

त्या उन्हाळ्यात शिरूर अनंतपाळहून माझे वडील, अप्पा, मला न्यायला आले. शेवटच्या वर्षाची परीक्षा तोंडावर होती आणि इकडे स्थळ ठरले होते. त्यांच्या धोतराला कडब्याचा वास होता.

"दुष्काळात लग्न उरकलेलं बरं, साहेब," अप्पा म्हणाले. "चार माणसांत भागतं. जेवणावळ न्हाई घातली तरी कुणी नाव ठेवीत न्हाई."

आमच्याकडे रीतच होती तशी. विहिरी आटल्या की मुली उजवल्या जात.

साहेबांनी आलेख पुढे केला नाही. चहा मागवला आणि बशी अप्पांकडे सरकवली.

"अप्पा, हिची आई लग्नात केवढी होती?"

अप्पा कितीतरी वेळ बशीत फुंकर घालत राहिले. "मांडवात झोपली व्हती. अक्षता पडल्या तवा मीच हलवून उठवलं."

साहेब पुढे एक शब्द बोलले नाहीत. खिडकीबाहेर टँकरभोवती भांडी वाजत होती.

तुम्हीही पाहिली असतील अशी माणसे, ज्यांना नेमके कुठे थांबावे ते कळते. साहेब जाऊन आता बरीच वर्षे झाली. त्यांची खालची रेघ कोणकोणत्या गावात खरी ठरली, मला ठाऊक नाही. माझ्या घरात ती खरी ठरली. माझी एकुलती मुलगी आज तिच्या मर्जीने शिकते आहे, हे त्यांचेच देणे.

त्या दुपारी अप्पा एकटेच उठले. पायरीवर थबकले आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले,

"शिक."