त्या उन्हाळ्यातली ज्वारी

आईचा हात कोपरापर्यंत ज्वारीत बुडालेला आहे, डोळे मिटलेले आहेत आणि दाण्यांच्या आत दडलेली ओल ती बोटांनी शोधते आहे... वर्षाची ज्वारी कोठीत भरण्याआधी ती अशीच बसायची, श्वास रोखल्यासारखी. उन्हात वाळवून सावलीत निवलेला दाणा कोरडा लागला तर ठीक, अजून दमट लागला तर पुन्हा अंगणात पसरायचा.

भोकरदन तालुक्यात, धावड्याच्या अलीकडे आमचं गाव. घर दोन खोल्यांचं. पुढची पत्र्याची, आतली जाड मातीच्या धाब्याची. आई, बाबा, मी आणि माझ्याहून पाच वर्षांनी लहान सुमेध. आईची काटकसर हीच त्या घराची शिस्त होती. काठवटीला चिकटलेलं पीठ ती चमचाभर पाण्याने धुऊन कालवणात ओतायची. जुन्या लुगड्याची गोधडी व्हायची, गोधडीची फडकी आणि फडकी पार झिजली की पोतेरं. अंगणात सांडलेला दाणा ती एकेक करून चिमटीने उचलायची, संध्याकाळचा उजेड संपेपर्यंत.

म्हणूनच आदल्या पावसाळ्यात कोठीला दाणे पोखरणारे टोके लागले, तेव्हा ती आजारी पडल्यासारखी झाली. लिंबाचा पाला, राख... सगळं घालूनही अर्धी ज्वारी आतून पोकळ निघाली. तिने आठवडाभर चाळण मारली. आणि पुढच्या उन्हाळ्यात, बुद्धपौर्णिमेची खीर होऊन चार दिवस झाले असतील, तिनेच बाबांना सांगितलं, "औंदा त्या गोळ्या आणा. सगळं गाव टाकून राह्यलं."

बाबांनी बाजारातून गोळ्या आणल्या, फडक्यात बांधून कोठीत ठेवल्या. दुकानदाराने त्यांना बजावलं होतं, बाबांनी आईला सांगितलं होतं — खोली बंद ठेवायची, त्यांची वाफ जहर आहे. हे सगळं मला नंतर कळलं. मला आईने सकाळी कामावर निघताना एवढंच सांगितलं, "आतल्या खोलीत जायचं न्हाई. कडी काढायची न्हाई. ध्यानात हाय ना?"

मी मान हलवली. मी नऊ वर्षांची होते. मला वाटलं, ज्वारी सांडू नये म्हणून.

दुपार झाली. पुढच्या खोलीचा पत्रा असा तापला की खालची जमीनसुद्धा पावलांना चटके देऊ लागली. सुमेध घामाने निथळत होता, किरकिर करत होता, झोप येत होती आणि लागत नव्हती. धाब्याखालचा तो अंधार, तो गारवा — उन्हाळ्यातली आमची सगळी झोप तिथलीच होती. मी कडी काढली. कसलासा वास आला, कुजक्या लसणासारखा. वाटलं, उंदीर मेला असेल. कोठीला लागून गोधडी टाकली, सुमेधला थोपटलं. तो निजला तशी मी बाहेर येऊन दार ओढून घेतलं — त्याला उजेड लागू नये म्हणून.

किती वेळ गेला, ठाऊक नाही. आई कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या उपटून शेतातून आली, डोक्यावरचं फडकं सोडता सोडता थांबली. "सुमेध कुठं हाय?"

मी दाराकडे पाहिलं. बस्स. तिने माझं उत्तर ऐकून घेतलं नाही. ती आत घुसली आणि त्याला उचलून बाहेर आली तेव्हा त्याची मान तिच्या दंडावरून लोंबत होती. अंगणात येताच त्याला उलटी झाली. हातपाय गार पडलेले, एवढ्या उन्हात गार, आणि श्वास असा, जणू आत कुणी तो ओढून धरला आहे.

"आत कसा गेला हा?"

"माहीत न्हाई," मी म्हणाले.

शेजारच्या उत्तमकाकांनी फटफटी काढली. आई मागे बसली, सुमेध मांडीवर, पाय अनवाणी. "जल्दी चला भाऊ, जल्दी..." एवढंच ऐकू आलं, मग नुसता फुफाटा.

दोन दिवस मी उत्तमकाकांच्या घरी होते. काकू जेवायला वाढत, मी भाकरी नुसती कुसकरत राही. भोकरदनच्या दवाखान्यातून कुणी आलं की मी दाराआड उभी राहून कान देई, आणि बातमी सुरू होण्याआधीच पळून जाई. तिसऱ्या दिवशी सुमेध आईच्या कडेवर बसून घरी आला. वाळलेला, पण जिवंत.

मग प्रश्न उरला ज्वारीचा. बाबा म्हणाले, "जाणत्या माणसाला इचारलं म्या. उन्हात पसरून ठेवली, वारं लागलं, की बिलकुल खाता येते."

"माझी लेकरं न्हाई खाणार."

"मंग बाजारात घालू."

आईने त्यांच्याकडे बघितलं. "आपल्या लेकरांना नको ते दुसऱ्याच्या लेकरांना कसं घालता?"

बाबांनी कुदळ उचलली. दोघांनी बांधाकडेला खड्डा खणला आणि सबंध वर्षाची ज्वारी मातीआड केली. माती लोटताना बाहेर राहिलेले दाणे आई पायाने आत ढकलत होती, एकही न उचलता. तिला मी त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं. ते वर्ष आम्ही रेशनच्या गव्हावर, कण्यांवर आणि अंबाडीच्या भाजीवर काढलं.

माझं खोटं मात्र माझ्यापाशीच राहिलं... लग्नानंतर कितीतरी वर्षांनी, माहेरी डाळ निवडत बसलो असताना, मी ते आईला सांगितलं. ती निवडायची थांबली नाही.

"मला ठाव होतं. चार वर्षाच्या लेकराचा हात कडीला पुरतो व्हय?"

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? आत जहर हाय, हे तुला मी सांगितलंच न्हाई. आन् गोळ्या तर म्याच आणवल्या." सुपातला एक खडा तिने बाजूला टाकला. "तुला बोलले असते तर मला कोण बोललं असतं?"

आईला जाऊन आता दोन वर्षं झाली. सुमेध पुण्यात असतो, त्याला स्वतःची मुलगी आहे. त्या दिवसांतलं त्याला काहीच आठवत नाही — खोली नाही, फटफटी नाही. आठवतं ते एवढंच, की दवाखान्यात आईने मोसंबं सोललं आणि एरवी चौघांत वाटलं जाणारं ते अख्खंच्या अख्खं त्याला एकट्याला दिलं. तो हे हसत हसत सांगतो, दरवेळी, आपल्या आयुष्यातली चैन म्हणून. मीही हसते.